वाटेतल्या नद्या

आमच्या घरात प्रवासात कोणाला मळमळू लागले की "बोट लागली" असे म्हणत. प्रवास एसटीचा असो की ओळखीच्या कोणाच्या टेम्पोचा, लागायची ती बोटच. चाळीतल्या घाटावरच्या मुलांना सुट्टीत गावी जाताना गाडी लागत असे आणि मला बोट लागत असे, जरी तोपर्यंत मी बोटीत एकदाही पाऊल ठेवलेले नव्हते. हा शब्द आजीचा होता. तिचे अर्धे आयुष्य आगबोटीच्या प्रवासात गेले होते आणि बोटी बंद पडल्यावरही तिच्या पोटातली ढवळ त्याच नावाने ओळखली जात राहिली. त्या शब्दाला दुसराही अर्थ होता. बोट बंदरात येऊन उभी राहिली की तीही "लागली". त्यामुळे त्रासाला आणि सुटकेला तिच्याजवळ एकच शब्द होता.

रेल्वेच्या बाबतीत मात्र यातला एकच अर्थ मराठीत चालतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. आगगाडी फलाटाला लागते, माणसाला लागत नाही. मुंबईहून गावी जाताना मी एसटीत लिंबू हुंगत बसलो आहे, तोंडात आवळासुपारी धरून कशेडी घाटाची वळणे मोजली आहेत, पण कोकण रेल्वेत कोणी लिंबू हातात धरून बसलेले मी आजवर पाहिलेले नाही. यामागचे कारण माणसाच्या पोटापेक्षा जमिनीत अधिक आहे.

कोकणाची जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या माणसाच्या सोयीने घडलेलीच नाही. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे धावतात आणि दर दोन नद्यांच्या मधून डोंगराची एकेक सोंड समुद्रापर्यंत उतरत जाते. सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, काजळी रत्नागिरीजवळ भाट्याला, मुचकुंदी पूर्णगडला, अर्जुना जैतापूरला आणि आमच्या गावाजवळून जाणारी नदी वाघोटणच्या खाडीतून विजयदुर्गाला. त्यामुळे इथल्या जुन्या वाटा नद्यांच्याच दिशेने जातात. घाटावरचा माल कुंभार्ली, आंबा, फोंडा अशा घाटांनी खाली येई, चिपळूण, राजापूर, खारेपाटण यांसारख्या खाडीच्या वरच्या टोकाला असलेल्या पेठांत उतरे आणि तिथून पाण्याने समुद्राकडे जाई. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला ही भूमी वाट देत असे. मुंबईला निघालेल्या माणसाला मात्र ती दर काही मैलांवर एक डोंगर आणि एक खाडी आडवी घालत असे. कोकणात कोणते वाहन कसे वागते हे बघायचे असेल, तर ते या आडव्या नद्यांशी कसे वागते तेवढे पाहावे.

आगबोट त्यांना वळसा घालत असे. जमिनीच्या कटकटीत न पडता ती भाऊच्या धक्क्यावरून निघून समुद्राच्या बाजूने खाली येई आणि एकेका खाडीच्या तोंडाशी थांबत जाई. म्हणून आजीच्या डोक्यातला कोकणाचा नकाशा बंदरांचा होता. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग ही नावे ती एका श्वासात म्हणत असे. चिपळूण किंवा संगमेश्वर ही गावे तिला ऐकून ठाऊक होती, वाटेवरची म्हणून नव्हे. अनेक बंदरांत बोट किनाऱ्यापर्यंत येत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्या अंगाला येऊन लागत. उंच बोटीवरून हलत्या पडावात उतरायचे, आधी गाठोडी, मग म्हातारी माणसे, मग हातोहात दिलेली लहान मुले. माझे बाबा वर्षाचे असताना एका अनोळखी खलाशाने त्यांना वरून खाली झेलले होते. त्या खलाशाचे नाव आजीला कधीच कळले नाही, पण देवापुढे दिवा लावताना ती त्याच्यासाठी एक नमस्कार वेगळा करत असे.

पावसाळ्यात समुद्र बंद होई. जूनच्या आधी शेवटची बोट गेली की मुंबईत राहिलेला माणूस मुंबईत आणि गावात राहिलेला गावात. ज्या जवळच्या मार्गांवर पावसातही बोटी चालत, तिथे काय घडू शकते हे १७ जुलै १९४७ रोजी साऱ्या मुंबईने पाहिले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईपासून जवळच समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येचा तो दिवस होता आणि गिरणगावातल्या किती खोल्यांत त्या रात्री दिवा लागला नाही हे आजी सांगत असे. तरीही बोटीविषयी बोलताना तिच्या आवाजात राग नसे. रात्री डेकवर पथारी पसरून झोपलेली माणसे, कोणाच्या तरी डब्यातली सुकटीची चटणी, पहाटे दिसणारा दीपगृहाचा दिवा हे सगळे तिने जपून ठेवले होते.

माझ्या वाट्याला एसटी आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही दशकांत, बोटीला जिथवर जाता येत नव्हते तिथवर ती पोचली. रस्त्याने जाणारी गाडी नद्यांना वळसा घालत नाही. ती प्रत्येक सोंड चढते, उतरते, पूल ओलांडते आणि पुन्हा चढू लागते. पूर्वीचा सतरा क्रमांकाचा आणि आताचा सहासष्ट क्रमांकाचा महामार्ग म्हणजे ही चढ-उतारच होय. वडखळ मागे पडले की झोप लागायची, कशेडीच्या वळणांवर ती मोडायची, आणि मग भरणे नाका, परशुराम घाट, बहादूरशेख नाका, सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा अशी नावे अर्धवट झोपेत कानावर पडत राहायची. पहाटे कंडक्टरचा "राजापूर, राजापूर!" असा पुकारा ऐकू आला की बाबा ट्रंक पायाखालून ओढू लागत. पोटाने माझा छळ केला, तरी त्या प्रवासाचा शेवट मला आजही प्रिय आहे, कारण एसटी आम्हाला आमच्या वाडीच्या पाणंदीच्या तोंडाशी उतरवत असे. दोरी ओढली जाई, घंटी वाजे, गाडी थांबे आणि पायरीवरून पाय थेट गावच्या मातीत पडे. तिच्या जागी रेल्वे आली तेव्हा हे सुख आम्ही गमावले आणि ते गमावले आहे हे मान्य केल्याशिवाय रेल्वेची बाजू घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कोकण रेल्वेच्या कितीतरी स्थानकांच्या नावापुढे 'रोड' हा शब्द आहे: संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. गाव आणखी पुढे आहे, इथून तुमची वाट सुरू होते, हे तो शब्द उतरणाऱ्याला सांगत असतो.

असे होण्याचे कारण रेल्वेच्या स्वभावातच आहे. पोलादी रुळावरून फिरणाऱ्या पोलादी चाकाला रस्त्यावरच्या रबरी चाकाच्या मानाने फारच थोडा विरोध होतो, म्हणून एक इंजिन शेकडो टनांचा भार ओढून नेते. पण जे चाक इतके सहज घरंगळते, त्याची रुळावरची पकडही तितकीच कमी असते. त्याला चढ सोसत नाही आणि वेगात असताना आखूड वळणही सोसत नाही. कोकण रेल्वे आखताना ताशी १६० किलोमीटर वेगाचा विचार केला गेला आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी ठेवायची नाही असे ठरले. अशी रेघ सह्याद्रीच्या पायथ्याशी ओढायची तर डोंगराच्या सोंडा चढून चालत नाही, त्या भेदाव्याच लागतात, आणि नद्यांच्या खोऱ्यांत उतरून चालत नाही, ती वरच्यावर ओलांडावी लागतात. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतच्या या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, त्यांची एकूण लांबी ८४ किलोमीटरच्या आसपास भरते आणि लहान-मोठे पूल दोन हजारांच्या घरात जातात. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. रत्नागिरीहून पुढे निघाले की पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो आणि माडांचे शेंडे पायाखाली दिसतात. बोट का लागत नाही याचे उत्तर हे आहे. ज्या वळणांनी माझे बालपण ढवळून काढले, ती सगळी वळणे कोणीतरी आधीच डोंगराच्या पोटात शिरून सरळ करून ठेवली होती.

त्या कोणाची नावे आमच्याकडे आदराने घेतली जातात. कोकणातून रेल्वे जाऊ शकते हे अ. ब. वालावलकर यांनी स्वतः पाहणी करून मांडले. आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधू दंडवते यांनी तो प्रश्न लोकसभेत जिवंत ठेवला. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० साली, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६ टक्के भांडवल आणि लोकांकडून रोख्यांच्या रूपाने उभारलेला पैसा यांवर काम चालले. कठीण कातळ फोडला गेला, पण मऊ मातीतल्या बोगद्यांनी खरी परीक्षा पाहिली आणि पेडण्याचा बोगदा तर शेवटपर्यंत अडून राहिला. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण खुला झाला. या कामात कितीतरी कामगारांचे प्राण गेले आहेत. बोगद्यात गाडी शिरली आणि खिडकीबाहेर काळोख झाला की मला त्यांची आठवण येते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिण्यासाठीच खरे तर मी हा लेख सुरू केला. रोहा ते वीर या टप्प्याचे दुपदरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले, पण त्यापुढचा हा मार्ग अजून एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर दोघींपैकी एकीने एखाद्या स्थानकात बाजूच्या रुळावर जाऊन उभे राहायचे आणि दुसरीला वाट द्यायची. याला सगळे प्रवासी 'क्रॉसिंग' म्हणतात. अधिक गाड्या चालाव्यात म्हणून अलीकडे कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे अशी नवी स्थानके या क्रॉसिंगसाठीच उभी राहिली. गाडी आधी वेग कमी करते, सांध्यांवरून खडखडत बाजूला सरकते आणि थांबते. पंखे ऐकू येऊ लागतात. डब्यात कोणीतरी म्हणतो, "क्रॉसिंग आहे," आणि हे ऐकताच लोकांच्या अंगातली घाई सैल होते. माणसे दारात येतात, काही खाली उतरतात, एखादा हात मागे बांधून खडीवरून चालत डबे मोजतो. बाजूच्या शेतात भात उभे असते, कातळावर गुरे असतात, आणि रातराणीचा किंवा पेटवलेल्या पाल्याचा वास आत येतो. मग दूर भोंगा वाजतो, माणसे लगबगीने चढतात, समोरची गाडी धाडधाड निघून जाते, तिच्या खिडक्यांत मुंबईला निघालेले चेहरे क्षणभर दिसतात, आणि थोड्या वेळाने आपला सिग्नल हिरवा होतो.

मला हा थांबा आवडतो. पॅसेंजर गाडीला मागून येणाऱ्या वेगवान गाडीसाठीही थांबावे लागते, तिच्यातल्या भाजीवाल्या बायकांचा आणि नोकरदारांचा वेळ एक्स्प्रेसमधल्या माणसाच्या वेळेहून स्वस्त मानला जातो, हे मला खटकते. तरीसुद्धा एकेरी रुळावर एक गोष्ट स्पष्ट दिसते, जी रस्त्यावर कधीच दिसत नाही: आपण पुढे जातो आहोत ते कोणीतरी थांबले आहे म्हणून, आणि आपण थांबलो आहोत ते कोणीतरी पुढे जावे म्हणून. घाटातल्या रस्त्यावर प्रत्येक चालक स्वतःच्या अंदाजाने समोरच्याला मागे टाकू पाहतो आणि वळणापलीकडून काय येते आहे हे त्याला दिसत नसते. रुळावर ही जागा आधीच ठरवलेली असते, ती पाळली जाते आणि ती पाळणारी माणसे आपल्याला दिसतही नाहीत. माझ्या लहानपणी रात्रीच्या एसटीत पुढच्या काचेतून येणारे दोन दिवे पाहून आई माझ्या डोळ्यांवर हात ठेवत असे. ती भीती काय होती, हे मला रेल्वेच्या डब्यात शांत झोपलेली माणसे पाहून समजले.

एकदा सावर्ड्याच्या पुढे अशाच एका क्रॉसिंगला आमच्या शेजारच्या रुळावरून मालगाडी हळूहळू गेली. तिच्या सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक उभे होते. १९९९ पासून कोलाड आणि गोव्यातले वेर्णे यांच्या दरम्यान अशी रो-रो सेवा चालते आणि ट्रकच रेल्वेने प्रवास करतात. केबिनमध्ये चालक बसलेले होते. एकाने पाय काचेजवळ वर घेतले होते, दुसरा टॉवेलने घाम पुसत बाहेर बघत होता, तिसरा झोपला होता. ज्या माणसाने वर्षानुवर्षे हे घाट स्वतःच्या हातांनी चढवले आणि उतरवले, तो आज स्वतःच्याच गाडीत प्रवासी होऊन बसला होता, आणि ज्या डोंगरावरून त्याने गिअर बदलत शेकडो वेळा ट्रक नेला असेल त्याच डोंगराच्या पोटातून तो हात मोकळे ठेवून जात होता. डिझेल वाचते, टायर वाचतात, रस्त्यावरची गर्दी हलकी होते, हे सगळे खरेच आहे. माझ्या मनात मात्र त्या झोपलेल्या चालकाचा चेहरा राहिला.

पावसाळ्यात या मार्गाचे दुसरे रूप दिसते. जूनमध्ये वेळापत्रक बदलते आणि गाड्यांचा वेग उतरवला जातो. त्यामागे २२ जून २००३ ची रात्र आहे. वैभववाडीजवळ रुळावर कोसळलेल्या दरडीवर सुट्टीची विशेष गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. ते आमचे स्थानक आहे आणि त्या रात्रीनंतर आमच्या गावातली कितीतरी माणसे अनेक महिने गाडीत चढली नाहीत. त्यानंतर डोंगर कापून काढलेल्या वाटेच्या, म्हणजे कटिंगच्या, उतारांवर जाळ्या बसल्या, उतार कमी केले गेले, पहारे वाढले. तरीही डोंगर तो डोंगर, आणि जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आल्यावर मार्ग जवळजवळ दिवसभर बंद राहिला. पावसातल्या रात्री दारातून बाहेर पाहिले की दोन बोगद्यांच्या मधल्या काळोखात एक दिवा दिसतो. अंगावर रेनकोट, हातात बत्ती, पायाखाली खडी, अशी गस्त घालणारी शेकडो माणसे त्या चार महिन्यांत रुळांवरून पायी चालत असतात. गाडी जवळ आली की तो माणूस बाजूला सरून दिवा धरून उभा राहतो आणि त्याच्या चेहऱ्यावर आपल्या डब्याचा उजेड एकामागून एक सरकत जातो. माझ्या प्रवासाच्या आधी कोणीतरी तो रस्ता पायांनी चालून पाहिला आहे, ही गोष्ट दुसऱ्या कोणत्या वाहनाबद्दल मला म्हणता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला तेव्हा दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने काळोखात सरळ पाण्यात गेली. ती बातमी वाचताना मला रुळावरचा तो दिवा आठवत राहिला.

मोटारीविषयी मला फारसे लिहायचे नाही. तिची गरज मला ठाऊक आहे. बाबांना छातीत दुखू लागले तेव्हा त्यांना वेळेवर रुग्णालयात नेले ते शेजाऱ्याच्या मोटारीनेच, आणि गावातल्या गावात पाहुणे, देवदर्शन, सातबाऱ्याची कामे हे सगळे तिच्याशिवाय होत नाही. चौपदरीकरण पूर्ण होण्याची वाट कोकणाने फार वर्षे पाहिली आहे आणि ते पुरे झालेच पाहिजे. पण मुंबई ते गाव हा सगळा पल्ला मोटारीने केला की घरी पोचतो तो शिणलेला माणूस, ज्याने दिवसभर समोरच्या ट्रकच्या मागच्या फळ्यांखेरीज काही पाहिलेले नसते. विमानाने मात्र मला एक अशी गोष्ट दिली, जी रेल्वे देऊ शकत नाही. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात मी एकदा मुंबईहून तिथे विमानाने उतरलो. हवा स्वच्छ होती. खाली एकामागून एक खाड्या उन्हात चमकत समुद्राला मिळत होत्या, मधे डोंगरांच्या काळसर सोंडा होत्या, आणि आजीने श्वास न घेता म्हटलेली नावे कोणीतरी जमिनीवर लिहून ठेवावीत तशी ती सारी रचना मला एका दृष्टीत दिसली. ते दृश्य मी विसरणार नाही. मात्र त्यातल्या एकाही नदीचा वास आला नाही आणि तासाभरात उतरल्यावर मी कुठून तरी आलो आहे असे मला दिवसभर वाटलेच नाही.

गणपतीच्या दिवसांत जनरलच्या डब्यातून उभ्याने गेलेल्या माणसाला माझे हे प्रेम कदाचित पचणार नाही, आणि त्याचा तो हक्क आहे. आरक्षण खुले होते तेव्हा पहाटेपासून रांगेत उभी राहिलेली माणसे खिडकी उघडल्यावर काही मिनिटांतच प्रतीक्षायादीत जातात. दाराशी, शौचालयाशेजारी, दोन बाकांच्या मधल्या जमिनीवर, मूर्तीचे मखर आणि झांजांची पिशवी छातीशी धरून लोक रात्र काढतात. जादा गाड्या सोडल्या जातात, पण एकेरी रुळावर त्यांना एकमेकींसाठी थांबत थांबत जावे लागते आणि मग तो थांबा कोणालाही गोड वाटत नाही. म्हणून हा सबंध मार्ग दुपदरी व्हावा, असे मला मनापासून वाटते. तो झाला की क्रॉसिंग जाईल आणि खडीवरून हात मागे बांधून चालणारा तो माणूसही जाईल. त्याचे दुःख मला होईल, पण दरवर्षी उभ्याने घरी जाणाऱ्या चाकरमान्यांच्या पायांपुढे माझ्या त्या दुःखाची मातब्बरी नाही.

१९९८ च्या मे महिन्यात आम्ही आजीला पहिल्यांदा या रेल्वेने गावी नेले. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि गुडघ्यांमुळे एसटीत बसणे तिला सोसत नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला जवळ बोलावून विचारले, "माका बोट लागात काय रे?" मी नाही म्हणालो, तरी तिने पदराच्या टोकाला लिंबू बांधून घेतलेच. दिवसाची गाडी होती. तिला खिडकीशी बसवले होते आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. वीर मागे पडल्यावर तिने बाबांना विचारले, "बाणकोट खंय गेला?" बाबा म्हणाले, "आये, मघाशी पूल लागलो ना, ती सावित्री. बाणकोट खाली ऱ्हवला." ती सावरून बसली. आपण पाहिलेल्या खाड्यांच्याच नद्या इथे वर वाहतात आणि ही गाडी त्या एकेक करून ओलांडणार आहे, हे तेव्हा तिच्या ध्यानात आले असावे, कारण त्यानंतर तिने खिडकीवरून डोळे काढले नाहीत.

चिपळूणला वाशिष्ठी आली. उन्हाळ्यामुळे पाणी थोडे होते आणि पात्रातले गोटे दिसत होते. "ही दाभोळची," बाबा म्हणाले. आजीने हात जोडले आणि पूल संपेपर्यंत जोडूनच ठेवले. "हिचा तोंड मी बघलंय," ती म्हणाली, "आंग आज बघलंय." संगमेश्वराजवळ शास्त्री आली तेव्हा तिनेच आधी विचारले, "जयगड मा?" करबुड्याच्या बोगद्यात काळोख संपेना तेव्हा तिने माझे मनगट घट्ट धरले आणि पानवलच्या पुलावर ते सोडून काचेवर हात ठेवला. मुचकुंदीला ती पूर्णगड म्हणाली, अर्जुनेला जैतापूर म्हणाली. डब्यातली दोन-तीन माणसे आता तिच्याकडे पाहत होती आणि एका बाईने पुढच्या नदीचे नाव आपणहून सांगायला सुरुवात केली. वैभववाडीला उतरताना पदरातले लिंबू तसेच होते. बाबांनी तिला फलाटावर हात देऊन उतरवले आणि स्थानकाबाहेर रिक्षा केली.

तळेरे सोडून आम्ही खारेपाटणला आलो आणि नदी दिसताच तिने रिक्षा थांबवायला सांगितली. भरतीची वेळ होती. विजयदुर्गाकडून आलेले खाडीचे पाणी हळूहळू वर चढत होते आणि काठाच्या झाडांची मुळे एकेक करून त्यात बुडत होती. आजी रिक्षातून उतरली नाही, फक्त डोके बाहेर काढून तिने ते पाणी बराच वेळ पाहिले.

"लागली," ती म्हणाली.